रेघेपर्यंतची ओल

१

सकाळी उठल्यावर चूळ भरायच्या आधी मी घरातले सांधे बघून येतो. पन्नास वर्षं लोकांच्या घरी नळकाम केलं, आता लेकीच्या घरी करतो, एवढाच काय तो फरक. सिंकखाली वर्तमानपत्राचा कागद घडी करून ठेवलेला असतो. त्यावर थेंबाचा डाग पडलाय का, ते आधी बघायचं. मग गीझरच्या खाली हात लावायचा, तोही मागच्या बाजूनं, कारण माझे तळहात राठ झालेत, त्यांना गार-ओलं काही कळत नाही. मग फ्लशच्या टाकीशी कान. आणि शेवटी कपडे धुण्याचं मशीन. त्याच्या मागे रबरी नळी असते, ती नळाला जिथे बसते तिथे बोट फिरवायचं. घरं बुडतात ती या नळीपायी. लोक मशीन पुसतात, झाकण पुसतात, नळीकडे कुणी ढुंकून बघत नाही. नळी वेळच्या वेळी बदलावी, चार दिवस बाहेर जाताना मेन कॉक बंद करून जावं, एवढं जरी लोकांनी केलं असतं तर माझं अर्धं आयुष्य हातावर हात ठेवून गेलं असतं.

जावई माझी थट्टा करायचे. "काय वैद्यबुवा, मशीनची नाडी बघून झाली का?" आता ते कामासाठी दोन-दोन महिने बाहेर असतात. लेक सकाळी ऑफिसला जाते, संध्याकाळी येते. दुपारी शाळा सुटली की घरात मी आणि माझी नात. समोरचे दोन दात आणि एका जागी न बसण्याची सवय, यामुळे मीच तिचं नाव खारू ठेवलं. सात वर्षांची आहे. लेकीनं तिला माझ्या भरवशावर सोडलंय, आणि हा भरवसा मला माझ्या डोळ्यांपेक्षा जास्त जपायचा होता.

त्या सकाळी नळी कोरडी होती. पण मशीनमागच्या भिंतीवर, जमिनीपासून वीतभर वर, बशीएवढी ओल दिसली.

२

ओल दिसली की घाबरायचं नाही आणि भिंत फोडायचीही नाही. आधी ती वाढतेय का ते बघायचं. त्यासाठी माझ्याकडे सुताराची चपटी पेन्सिल असते. ओलीच्या कडेनं रेघ मारायची, पण अगदी कडेला नाही. ओल्या गिलाव्यावर पेन्सिल उमटत नाही, म्हणून बोटभर जागा सोडून, कोरड्यावर मारायची. दुसऱ्या दिवशी ओल रेघेच्या आत किती, बाहेर किती, ते बघितलं की पाणी कुठून येतंय त्याचा अंदाज येतो. मला लिहिता-वाचता जेमतेम येतं, तारखा मांडत बसायचा कंटाळा. रेघा पुरतात.

रेघ मारली आणि शोधाला लागलो. घरातले सगळे नळ बंद केले आणि खाली जाऊन मीटर बघितला. त्यातलं बारकं चक्र जरासुद्धा हललं नाही, म्हणजे पाणी कुठे पळत नव्हतं. तरी नळी बदलली. मशीनचा सांडपाण्याचा पाइप काढून परत बसवला. मग वरच्या मजल्यावर शिंपीणबाईंकडे गेलो आणि त्यांच्या न्हाणीच्या मोरीत बादलीभर निळीचं पाणी ओतू द्या म्हणालो.

"मोरी निळी झाली तर घासणार कोण?" कमरेवर हात ठेवून त्या म्हणाल्या.

"मी घासीन."

"तुम्ही घासाल, आणि कंबर धरली की तुमची लेक माझ्या नावानं ओरडेल. ओता, ओता. तुम्हाला नाही म्हणून बघितलंय का कुणी?"

निळं पाणी ओतलं. दोन दिवस वाट बघितली. आमच्या भिंतीवर निळ्याचा मागमूस नाही. ओल मात्र वाढली होती, बोटभर. बरोबर माझ्या रेघेपर्यंत.

मी बाहेरून बोटभर जागा सोडून दुसरी रेघ मारली.

३

आठवड्यात अशी पाच रेघांची कडी झाली, एकीत एक, कांद्याच्या चकतीसारखी. ओल पाचव्या रेघेला टेकली होती. मधे एक दिवस खारूला ताप होता, त्या गडबडीत मी रेघ मारायची विसरलो. त्या दिवशी ओल वाढली नाही. मला तेव्हा त्यात काही वाटलं नाही. हवा कोरडी होती, असं मी मनाशी म्हटलं.

आठवडा उलटल्यावर एका सकाळी चष्मा लावून मशीन पुढे ओढलं आणि गुडघे टेकून नीट बघितलं.

माझा हात थोडा कापतो. पाचव्या रेघेत उजवीकडे एका जागी पेन्सिल अडखळली होती, तिथे रेघेला उंदरानं कुरतडल्यासारखी खाच पडली होती. ओलीलाही तिथे तशीच खाच होती. तेवढीच, त्याच बाजूला.

ओल अशी नसते. ओलीची कड पसरट असते, कुठे दाट, कुठे विरळ, विरत विरत कोरड्यात जाते. पन्नास वर्षांत मी हजार भिंती बघितल्या असतील. रेघेपाशी येऊन थांबलेली ओल मी बघितली नव्हती.

मी उठलो, चहा केला, बशीत ओतून प्यायलो. मनाला समजावलं. पेन्सिलीतला मेणचट अंश गिलाव्यात मुरत असेल. मेण ओलांडून पाणी पुढे मुरत नाही, एवढं तर कुणालाही कळतं.

पण मग दुसऱ्या दिवशी तेच पाणी त्या मेणचट रेघांवरून पुढे कसं येत होतं?

४

मी एक वेडेपणा केला. लेक ऑफिसला गेल्यावर घरातली पट्टी घेतली आणि ओलीच्या उजव्या अंगाला एक चौकोन काढला. चांगला हातभर, चारी कोपरे काटकोनात. एक बाजू ओलीला चिकटती ठेवली.

तो दिवस मी तिकडे फिरकलो नाही. खारूला शाळेतून आणलं, तिच्याशी पत्ते खेळलो, मुद्दाम हरलो.

"आजोबा, तू रडीचा डाव खेळतोस," ती म्हणाली. "हरायचं म्हणून हरतोस."

सकाळी कागद बघितला, गीझर बघितला, टाकी बघितली. मशीनपाशी जायला पाय उचलेना. तरी गेलो.

चौकोन भरला होता. वरचे दोन कोपरे बघितले, खालचे दोन बघितले. कोपऱ्याच्या टोकापर्यंत ओल गेली होती, नीट, एखाद्या माणसानं कुंचल्यानं सावकाश भरावा तशी. कोपऱ्यात बोट लावलं. बोट ओलं झालं. रेघेच्या बाहेर लावलं, खडखडीत कोरडं.

पाणी कोपरे धरत नाही. पाण्याला कोपरा कळतच नाही.

इतके दिवस मी माप घेत होतो असं मला वाटत होतं. रोज बोटभर जागा मीच देत होतो.

५

मी पेन्सिल मारणं बंद केलं. लेकीला काही सांगितलं नाही. सांगणार तरी काय? दोन महिन्यांपूर्वी मी नळ उघडा ठेवून बाजारात गेलो होतो. मी, नळवाला! त्या दिवसापासून ती ऑफिसातून दोनदा फोन करते आणि सहज विचारल्यासारखं विचारते, "बाबा, सगळं ठीक ना?" जावयांचं आणि तिचं हळू आवाजात बोलणं मी ऐकलं होतं. दुपारची कुणी बाई ठेवावी का, असं काहीतरी. भिंत माझं ऐकते, हे तिला सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी बाई आली असती.

दहा दिवस ओल जागची हलली नाही. मी मशीन भिंतीला सरकवून ठेवलं. सुटलो, असं वाटलं. भूक लागायला लागली, झोप लागायला लागली.

अकराव्या दिवशी लेक सकाळी खारूला बूट घालत होती.

"अगं, हे मोजे ओले कसे? कपाटातून आत्ता काढलेत मी!"

"माहीत नाही," खारू म्हणाली.

"पाण्यात खेळलीस ना? खरं सांग."

"नाही गं आई, शप्पथ."

लेकीनं दुसरा जोड काढला. मी खारूचे पाय हातात घेतले. बोटांची टोकं पांढरी पडून सुरकुतली होती, खूप वेळ बादलीत पाय घालून बसल्यासारखी. आणि गार. इतके गार की माझ्या राठ हातांनाही कळलं.

६

दुपारी तिला शाळेतून आणलं तेव्हा दुसरे मोजेही ओले होते. ती खोकत होती. मी तिला खाटेवर बसवलं, पाय टॉवेलात गुंडाळले आणि सहज विचारावं तसं विचारलं, "खारू, माझी पेन्सिल कुठे दिसली का गं?"

तिनं टॉवेलाचं टोक ओढलं. मग हळूच म्हणाली, "रागावणार नाहीस ना?"

"मी कधी रागावलोय?"

"मी पण भिंतीचं माप घेतलं. तुझ्यासारखं."

"कुठे?"

तिनं खोलीच्या दाराकडे बोट दाखवलं. तिच्या खोलीचं दार कायम उघडं असतं, भिंतीला टेकलेलं. मी ते ओढलं. दारामागच्या भिंतीवर खारू उभी होती. म्हणजे तिची रेघ. पाठ टेकून उभं राहून, डोक्यापासून पायांपर्यंत स्वतःभोवती पेन्सिल फिरवली होती तिनं, जमेल तशी, वेडीवाकडी. एक वेणी बाहेर आलेली, हाताची बोटं फाकलेली. नंतर वळून, जिथे जिथे सुटलं होतं तिथे तिथे जोडून घेतलं होतं. पावलं घोट्यांपर्यंत ओली होती.

पावलांपासून दोन रेघांची एक अरुंद वाट निघाली होती. ती जमिनीलगत दाराच्या चौकटीला वळसा घालून बाहेरच्या बोळात आली होती, चपलांच्या मांडणीमागून सरळ गेली होती आणि मशीनमागे माझ्या चौकोनाला मिळाली होती. सगळी वाट ओली.

"ही वाट कशाला काढलीस, बाळा?"

"त्याला इकडे येता येत नव्हतं ना."

"कुणाला?"

खारूनं खांदे उडवले. "तू त्याला रोज थोडं थोडं देत होतास. मग बंदच केलंस."

७

मी तिला स्वयंपाकघरात बसवलं आणि कामाला लागलो. नळवाल्याला पहिली गोष्ट सुचते ती म्हणजे वाट बंद करणं. चपलांची मांडणी सरकवली आणि त्या वाटेवर आडवी रेघ मारायला गेलो. पेन्सिल उमटेना. भिंत ओली होती. चार-चारदा घासली, गिलाव्याचा चिखल झाला, रेघ झाली नाही.

मग खारूच्या कंपासपेटीतलं खोडरबर घेतलं. भिंतीवरच्या खारूच्या घोट्यापाशी अंगठ्याएवढी रेघ खोडली. खोडल्याबरोबर तिथून ओल बाहेर पडली. चहा सांडावा तशी, डोळ्यांदेखत, खाटेच्या दिशेनं. मी हातातली पेन्सिल ओलीच्या पुढे जाऊन गोल फिरवली तेव्हा थांबली. रेघ खोडली तर सगळी भिंत ओलीची, आणि रेघ ठेवली तर रेघेतली पोर तिची.

लेकीला फोन केला. खोकला आहे, पाय गार आहेत, डॉक्टरकडे ने, एवढंच म्हणालो. ती अर्ध्या तासात आली आणि तिला घेऊन गेली. दार लागलं तेव्हा मला बरं वाटलं. घराबाहेर गेली, लांब गेली, भिंतीवर काय व्हायचं ते होऊ दे.

दारामागे स्टूल टाकून बसलो. ओल पोटऱ्यांवर आली. मी बघत होतो तरी ती चढताना दिसत नव्हती. पापणी मिटली की वर असायची. गुडघ्यांना लागली तेव्हा फोन वाजला.

"बाबा, हिचा पायजमा गुडघ्यापर्यंत भिजलाय. आम्ही नुसत्या बाकावर बसलोय. वर छत कोरडं, बाक कोरडा. डॉक्टर विचारतायत कशानं भिजला, आणि मला काही..." फोनमधून खारूचा खोकला ऐकू आला. "हिचे दात वाजतायत, बाबा."

"घरी घेऊन ये," मी म्हणालो.

"घरी? डॉक्टर म्हणतायत थोडा वेळ..."

"माझं ऐक. आत्ताच्या आत्ता घेऊन ये."

८

त्या येईपर्यंत माझ्या हातात तेवढाच वेळ होता. एखाद्या पाइपात पाण्याचा जोर फार झाला की आम्ही खालून मोठी वाट काढून देतो. पाणी आपसूक तिकडे वळतं. मी खारूच्या पायांशेजारी एक मोठा हौद काढला, चांगला खाटेएवढा, तिच्या रेघेला लागून. मधली रेघ खोडली.

ओल हौदात आली. तळहाताएवढी. तिथे थांबली. आणि मग माघारी गेली. जीभ लावून बघावं आणि पानातलं बाजूला सारावं, तसं. हौदातली ती जागा माझ्यासमोर कोरडी झाली. खारूच्या मांड्या ओल्या झाल्या.

ओलीला आता हौद नको होता, चौकोन नको होते.

मी हौदापलीकडे, भिंतीच्या मोकळ्या भागाशी उभा राहिलो. माझ्या टाचा जिथे येतील तिथपर्यंत, हौदाच्या तळातून, दोन रेघांची वाट काढली. पूर्ण व्हायच्या आत ओल त्या वाटेनं आली आणि टोकाशी येऊन थांबली. दारात कुणी उभं राहावं तशी. पुढे रेघ नव्हती म्हणून थांबली होती.

पाठ भिंतीला टेकवून स्वतःभोवती पेन्सिल फिरवायला गेलो. सात वर्षांच्या पोरीचं अंग वळतं, माझा खांदा वळत नाही. हात डोक्यावर जाईना आणि वाकलो की पाठ भिंतीपासून सुटायची. एक रेघ धड उमटली नाही. पेन्सिल हातातून पडली, ती उचलून तसाच उभा राहिलो.

कुलूप उघडल्याचा आवाज आला. लेकीनं खारूला घोंगडीत गुंडाळून आणलं होतं. खारूचे ओठ निळे पडले होते. खाटेवर ठेवताना घोंगडीतून पाणी ठिबकलं.

लेकीची नजर भिंतीवर गेली. भिंतीवर कमरेपर्यंत ओली झालेली तिची पोर. लेकीचा हात तोंडावर गेला.

"ही पेन्सिल घे," मी म्हणालो. "माझ्याभोवती रेघ मार. कुठे सोडू नकोस."

"बाबा, हे काय चाललंय? हे तुम्ही काढलंत?"

"मग बोलू. मग तुला जे करायचं ते कर. बाई ठेव, जावयांना बोलाव, मला कुठे नेऊन ठेवायचं तिथे ठेव. मी एक शब्द बोलणार नाही. आता रेघ मार."

"तुमचं डोकं ठिकाणावर नाहीये, बाबा..." ती रडायला लागली.

खाटेवरून खारूचा आवाज आला, अगदी बारीक. "आई, छातीला गार लागतंय."

भिंतीकडे आम्ही दोघांनीही बघितलं. मग लेकीनं पेन्सिल घेतली.

डावा हात माझ्या छातीवर ठेवून तिनं मला भिंतीशी दाबून धरलं, ती लहान असताना उंची मोजायला मी तिला धरायचो तसं. उजव्या कानापासून तिनं सुरुवात केली. पेन्सिल डोक्यावरून डावीकडे निघाली. ती हुंदके देत होती आणि तरी हात सरळ ठेवत होती. ऑफिसातलं नेटकं अक्षर आहे तिचं, रेघही तशीच. मला कपाळाच्या वर पेन्सिलीची करकर ऐकू येत होती.

आणखी एक करकर ऐकू येत होती. खालून. डाव्या टाचेजवळून.

मी मान हलवली नाही. लेकीचे दोन्ही हात मला दिसत होते, एक छातीवर, एक डोक्याशी. खारू खाटेवर होती, डोळे मिटून. टाचेजवळची ती करकर पोटरीवर आली, गुडघ्याच्या खळगीपाशी थोडी थबकली आणि वर चढायला लागली. सावकाश. आम्ही कामात घाई करत नाही, तशी. तिच्यामागून गारवा येत होता. आणि माझ्या पाठीला, जिथे भिंत होती, तिथे काहीतरी जरा सरकलं. अरुंद बाकावर शेजारचा माणूस आपल्यासाठी जागा करतो ना, तेवढंच.

लेकीची पेन्सिल डाव्या खांद्यावरून दंडावर उतरली. ती खाली वाकली आणि तिचा हात थांबला.

"बाबा," ती म्हणाली. "खालचं तुम्ही आधीच काढून ठेवलं होतंत?"

खाटेवर घोंगडीची सळसळ झाली. खारूनं पाय बाहेर काढले होते आणि त्यांच्याकडे बघत ती बोटं हलवत होती. बोटं गुलाबी व्हायला लागली होती.

"हो," मी लेकीला म्हणालो. "मीच काढलं. तू वरचं तेवढं जोडून घे."